भ्यायला तू आहेस ना

मॅडम ज्या माणसाला भूल देणार असत, त्याला त्या कधीच 'घाबरू नका' म्हणत नसत. टेबलावर आडवा झालेला माणूस छताकडे बघत असायचा, ओठ कोरडे पडलेले. मॅडम त्याच्या डोक्याशी स्टुलावर बसायच्या, कपाळावर तळहात ठेवायच्या आणि म्हणायच्या, "घाबरा हो, घाबरा. मी बी घाबरलेलीच आहे. दोघं मिळून घाबरू, म्हंजे काम हलकं होतं." समोर जुन्या शहरातली कुणी म्हातारी असली, तर हेच हैदराबादी उर्दूत, "डरो अम्मा, मैं बी डर रई." सर्जन वैतागायचे. पेशंट हसायचा, आणि हसता हसताच झोपी जायचा.

त्या हे गमतीनं म्हणत नव्हत्या, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

मी लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला नुकती आले होते. शहराच्या पश्चिमेला खडक फोडून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, त्यांतल्या एकीत नवरा नोकरीला. माझ्याकडे भूलशास्त्राची ताजी पदवी होती आणि ओळखीचं कुणी नव्हतं. कुणीतरी सांगितलं, बरकतपुऱ्यात एक मराठी बाई आहेत, याच कामातल्या, त्यांना भेट. भेटले. त्यांनी मार्क विचारले नाहीत, कॉलेज विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "कधी कुणी हातातून गेलंय?"

"नाही," मी जरा अभिमानानंच म्हणाले.

"मंग तू अजून शिकायलीस," त्या म्हणाल्या. "ये उद्यापासून."

त्यांचे आजोबा निजामाच्या नोकरीसाठी परभणीकडून आले, तेव्हापासून घर इथलंच. मराठी मराठवाड्याची, आणि तिच्यात दखनी कधी मिसळायची ते त्यांना स्वतःलाही कळत नसे. लग्न केलं नव्हतं. कुठल्या एका हॉस्पिटलच्या नोकरीतही त्या नव्हत्या. काचीगुडा, नारायणगुडा, आबिड्स असल्या भागांतल्या लहान लहान नर्सिंग होममधून बोलावणं यायचं. कमरेला पेजर, जुन्या फियाटच्या मागच्या सीटवर बॅग. बॅगेत दोन टॉर्च, कारण एक बंद पडला तर. वीज गेली तर म्हणून पायानं चालवायचा सक्शन पंप. आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरची लोखंडी चावी त्या काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यातच घालायच्या. नव्या नर्सना ते मंगळसूत्रासारखं काहीतरी वाटायचं.

इतकी घाबरट बाई मी तोवर पाहिली नव्हती. लिफ्टमध्ये त्या पाऊल टाकत नसत. गॅस बंद केलाय का, हे बघायला कोपऱ्यावरून परत यायच्या. नामपल्लीला थंडीत भरणाऱ्या मोठ्या प्रदर्शनाला, नुमाइशीला, दरसाल हौसेनं जायच्या आणि फाटकाजवळच उभ्या राहायच्या. "आत एवढी लाकडं, कापडं, दिवे. निघायचं कुठून?" मी आत फिरून यायचे, त्या तिथेच उभ्या राहून भजी खायच्या आणि माझी वाट बघायच्या. मी परत दिसले की त्यांचा चेहरा मोकळा व्हायचा. जणू मी आगीतूनच आले होते.

पण टेबलाशी बसल्यावर हीच भीती त्यांच्या हाताखाली राबायची. एक लहानसा स्टेथोस्कोप त्या पेशंटच्या छातीवर पट्टीनं चिकटवायच्या आणि त्याची नळी स्वतःच्या डाव्या कानात घालून बसायच्या. ऑपरेशन संपेपर्यंत ती काढायची नाही. उजवा कान सर्जनसाठी. तेव्हा बाहेरून नवी नवी यंत्रं यायला लागली होती. बोटाला चिमटा लावला की रक्तातला ऑक्सिजन आकड्यात दाखवणारी. आबिड्सच्या मागच्या एका नर्सिंग होमनं तसं यंत्र घेतलं, तेव्हा तिथले सर्जन म्हणाले, "मॅडम, आता ती कानातली नळी काढून टाका. हे बघा, अठ्ठ्याण्णव."

टेबलावर टॉन्सिलसाठी आणलेली पाच-सहा वर्षांची मुलगी होती. यंत्र छान पिंग पिंग करत होतं. मी त्या आकड्याकडे बघत होते, कारण आकडा बघायला सोपा असतो. मॅडमनी एकदम हात वर केला. "थांबा."

"काय झालं?"

"डावीकडं हवा जाईना झाली."

सर्जननी यंत्राकडे बोट दाखवलं. मॅडम उठल्या, मुलीच्या तोंडातली श्वासाची नळी जराशी मागे ओढली, हवेची पिशवी दाबली, कान देऊन ऐकलं, पुन्हा जराशी ओढली. एवढं होईतो यंत्राच्या पिंग पिंगचा सूर खाली उतरायला लागला. नळी घसरून एकाच फुफ्फुसात गेली होती, आणि यंत्राला ते आत्ता समजत होतं. आकडा उतरत उतरत थांबला आणि पुन्हा वर चढला. माझ्या पाठीवरून घामाची धार गेली. मॅडमचा हात मात्र दगडासारखा स्थिर.

मुलगी जागी होऊन रडायला लागल्यावर मॅडम बाहेर गेल्या. मी मागून गेले तर त्या जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांचे दोन्ही हात थरथर कापत होते. चहाचा कप धरवत नव्हता. मी तो धरला, त्यांनी तोंड पुढे करून घोट घेतला. "हे रोजचं आहे," त्या म्हणाल्या. "कुणाला सांगू नको. काम आधी, थरथर मागून." मी त्या दिवशी पहिल्यांदा खरी घाबरले. पुढच्या आयुष्यात रोज हेच करायचं आहे, हे मला त्या पायरीवर कळलं.

पक्ष्यांचा नाद त्यांना कधी लागला कुणास ठाऊक. रविवारी पहाटे त्या मला शहराबाहेरच्या तलावावर घेऊन जायच्या. माझ्या डोक्यात पक्षीनिरीक्षण म्हणजे दुर्बीण, वही, नावं, टिपणं. मॅडमकडे दुर्बीण होती, वही नव्हती. काठावर चटई टाकून त्या नुसत्या बसायच्या. समोर शेकाटे लांब लाल पायांनी चिखल तुडवत असायचे, टिटव्या ओरडत असायच्या, वरून घार फिरली की सगळा काठ एकदम चिडीचूप. एकदा मी विचारलं, "यात तुम्हाला एवढं काय मिळतं?"

त्या म्हणाल्या, "बघ ना. एक दाणा टिपतो, चार वेळा मान वर करतो. दिवसभर भीतच असतो बिचारा. इथं भ्यायचं काम त्यांचं. मी नुसती बसते."

त्या गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की लोकांना लिफ्ट, चावी, नुमाइश असल्या गमती सांगायला आवडतात. मीही सांगते. बोर्निओचं मात्र मी सहसा सांगत नाही.

परदेशी सहलीची जाहिरात त्यांना एका इंग्रजी मासिकात सापडली. इंग्लंडमधली कुठली तरी कंपनी पक्षी बघायला माणसं जगभर नेत असे. डोंगराळ बोर्निओ, सोबत तज्ज्ञ मार्गदर्शक, मोजकी माणसं. किंमत ऐकून मी म्हटलं, "मॅडम, एवढ्या पैशांत सगळा हिंदुस्थान दोनदा बघून होईल." पण त्यांनी कुठलासा वडिलोपार्जित प्लॉट नुकताच विकला होता, आणि त्यांना तिथला एक पक्षी बघायचा होता. आपल्या सह्याद्रीत ज्याला कर्णा म्हणतात त्याचा तिकडचा भाऊबंद. डोकं आणि पोट लालभडक, छाती राखाडी, राहणार फक्त त्या डोंगरातल्या ओल्या घळींमध्ये. "एका जागी बसून राहतो म्हणे. हलत नाही, बोलत नाही. जवळून माणसं निघून जातात, दिसत नाही," त्या सांगायच्या, आणि त्यांचा आवाज बदलायचा.

एकटीला खोली घ्यायची तर जादा आकार होता. माझा नवरा तेव्हा कामासाठी अमेरिकेत गेलेला, मी तोवर एका नव्या मोठ्या हॉस्पिटलात हृदयविभागात लागलेली. त्यानं फोनवर सांगितलं, "जा की. पुन्हा कधी जाशील?" आणि मी मॅडमबरोबर निघाले. त्या विमानात घाबरतील म्हणून मी झोपेच्या गोळ्या बरोबर घेतल्या होत्या. मॅडम खिडकीला डोकं टेकून आपणहून झोपल्या. गोळी मलाच घ्यावी लागली.

तिथे ग्रॅहम नावाचा इंग्रज मार्गदर्शक होता. लांब ढांगा टाकणारा, डोळ्यांनी गरुड आणि स्वभावानं हेडमास्तर. सोबत एक इंग्रज जोडपं, याच लाल कर्ण्यासाठी दुसऱ्यांदा आलेलं. शिवाय एक उंच डच बाई, निवृत्त शिक्षिका. पहाटे अंधारात उठायचं, गारठलेली सँडविच खायची, ग्रॅहमच्या मागे धावायचं. त्याच्या खांद्यावर टेपरेकॉर्डर असायचा. पक्ष्याच्या आवाजाची टेप लावायची, आपल्या हद्दीत कोण घुसलं म्हणून पक्षी धावत यायचा, त्याच्यावर पाच दुर्बिणी रोखल्या जायच्या, ग्रॅहम म्हणायचा, "सगळ्यांनी पाहिला? चला." रात्रीच्या जेवणाआधी त्या दिवशीच्या पक्ष्यांची हजेरी. तो नाव वाचणार, आपण हात वर करायचा. मॅडमना ती टेप सहन होत नसे. "खोटं बोलून घाबरवायचं, अन् तो आला की निघून जायचं. हे काय बघणं झालं?"

तरी आनंदही कमी नव्हता. खालच्या जंगलात धनेश डोक्यावरून गेले, तेव्हा त्यांच्या पंखांचा आवाज जुनी आगगाडी सुटावी तसा आला. डोंगराच्या पायथ्याच्या विश्रामगृहात रात्रभर बाहेरचे दिवे चालू असायचे. त्यांच्यावर आलेले तळहाताएवढे पतंग सकाळी भिंतीला चिकटून राहिलेले, आणि उजाडलं की तऱ्हेतऱ्हेचे पक्षी त्यांची न्याहारी करायला येत, आमच्या हाताच्या अंतरावर. मॅडम चहाचा कप घेऊन भिंतीला टेकून उभ्या राहायच्या. मी त्यांना इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं.

आणि त्याच सुखाची मला भीती वाटायला लागली. झाडांच्या शेंड्यांमधून दोरांचा झुलता पूल बांधला होता. खाली बघितलं तर जमीन दिसत नव्हती. लिफ्टला भिणाऱ्या मॅडम त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या, दोन्ही हात सोडून, दुर्बीण डोळ्यांना लावून. पूल हलत होता. मी दोर धरून ओरडले, "मॅडम, निदान एक हात!" त्यांना ऐकूही आलं नाही. ज्या बाईनं मला भ्यायला शिकवलं, तिची भीती कुठे गेली होती?

डोंगरावरच्या पहिल्या चढाला मला दुसरंच काही दिसलं. मॅडम दर वळणावर थांबत होत्या. कधी शेवाळ बघायला, कधी ऑर्किड. एका ठिकाणी बघण्यासारखं काहीच नव्हतं, नुसती मातीची कड. तिथेही त्या थांबल्या, आणि डाव्या हाताचा तळवा जबड्याला लावून उभ्या राहिल्या. दाढ दुखणारा माणूस धरतो तसा.

मी हृदयविभागात काम करत होते. दाढ नव्हती ती.

दुपारी डोंगरावर नेहमीसारखं धुकं उतरलं आणि सगळे आपापल्या खोलीत गेले. मी दार लावलं. "मॅडम, जबडा कधीपासून दुखतोय?"

त्या बूट काढत होत्या. त्यांनी वर न बघता कुर्त्याच्या खिशातून लहानशी डबी काढून पलंगावर ठेवली. जिभेखाली ठेवायच्या गोळ्या. निम्मी डबी रिकामी.

"संक्रांतीपासून," त्या म्हणाल्या.

"आणि तुम्ही कुणाला दाखवलंही नाहीत?"

"दाखवलं असतं तर इथं येऊ दिलं असतं?"

माझा आवाज चढला. मी म्हटलं, मी आत्ता जाऊन ग्रॅहमला सांगते, उद्याची घळ रद्द, आपण विमानाची तारीख बदलून घेऊ. जवळचं चांगलं हॉस्पिटल घाट उतरून पार शहरात होतं. काही झालं तर वाटेतच… मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग माझा हात धरून मला पलंगावर बसवलं.

"सांगितलंस तर तो मला गाडीत बसवून ठेवील. मी काचेतून झाडं बघीन. ते करायला मी इतक्या लांब आले नाही."

"पण तुम्हाला भीती वाटत नाही का?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "जनम गेला भिण्यात. भ्यायला तू आहेस ना."

त्या वाक्याचा मला राग आला. आणि दुसऱ्याच क्षणी मी मनात हिशेब करत होते: त्यांच्या गोळ्या माझ्या खिशात, अ‍ॅस्पिरिन, पाण्याची बाटली, कोण पुढे चालणार, कुठे थांबायचं. त्यांनी मला कामाला लावलं होतं.

सकाळी घळीत उतरलो. वाट अशी नव्हतीच. झाडांच्या मुळांच्या पायऱ्या, ओल्या, हातभर उंच. उतरताना मॅडमना काही झालं नाही. पण प्रत्येक पायरी उतरताना मला दिसत होतं की हीच परत चढायची आहे. तळाशी झरा होता, शेवाळानं मढलेले दगड, झाडांच्या फांद्यांवरून लोंबणारं हिरवं जाळं. ग्रॅहमनं बोट ओठावर ठेवून टेप लावली. थांबलो. पुन्हा लावली. काही नाही. बराच वेळ गेल्यावर वरून धुकं उतरताना दिसलं. ग्रॅहम म्हणाला, "आज नाही. वर जाऊ, दुसऱ्या घळीत बघू."

मॅडम एका पडलेल्या ओंडक्यावर बसल्या. "मी इथंच थांबते."

"तसं चालत नाही, मॅडम. मी कुणालाही मागे सोडू शकत नाही."

"मी आहे त्यांच्याबरोबर," मी म्हणाले. म्हणताना माझाच आवाज मला परका वाटला. ग्रॅहमनं इंग्रज जोडप्याकडे पाहिलं. ते दोघे निघायला उतावीळ झाले होते. "वाट सोडू नका. मी यांना वर पोचवून परत येतो," तो म्हणाला. डच बाईंनी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या लक्षात काहीतरी आलं असावं.

पावलांचे आवाज विरले. झऱ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. धुकं इतकं खाली आलं की ज्या वाटेनं उतरलो ती दिसेना. मी मॅडमच्या समोर दगडावर बसले, त्यांच्याकडे तोंड करून. थोड्या वेळानं त्यांचा चेहरा आखडला. हात जबड्याकडे गेला. मी गोळी त्यांच्या जिभेखाली ठेवली आणि मनगट धरलं.

नाडी चुकत होती. तीन-चार ठोके नीट, मग एक गायब. मग दोन भरभर. मग पुन्हा गायब. त्या गायब होणाऱ्या ठोक्यांमध्ये मी काय काय पाहिलं, ते मला आजही आठवतं. त्यांना या पायऱ्यांवरून वर न्यायला किती माणसं लागतील. त्या ओंडक्यावर त्यांना आडवं करता येईल का. छाती दाबत बसले तर मी किती वेळ दाबू शकेन. बरकतपुऱ्यातलं कुलूप लावलेलं घर, आणि त्याची किल्ली कुणाकडे द्यायची ते मला माहीत नाही. मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं. पण ओरडले असते तर त्या दचकल्या असत्या. मी त्यांचे ओठ बघत बसले. ओठ निळे पडायला लागले तर ते मला सगळ्यात आधी दिसायला हवं होतं.

आणि तेव्हा त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली.

"हलू नको," त्या म्हणाल्या. ओठ जेमतेम हलले.

"दुखतंय?"

"हल्लू बोल. तुझ्यामागं आहे."

मला कळलं. आमच्यातल्या कुणीही टेप न लावता, हाक न मारता तो येऊन बसला होता. किंवा आधीपासूनच होता. मला वळून बघायचं होतं, का नाही बघायचं? मीही तेवढे पैसे भरून, तेवढं अंतर कापूनच आले होते. पण वळले असते तर तो उडाला असता. आणि मुख्य म्हणजे वळले असते तर त्यांचे ओठ माझ्या नजरेआड गेले असते. मी वळले नाही.

मी फक्त त्यांचा चेहरा पाहिला. डोळे मोठे झाले नव्हते, उलट मऊ झाले होते. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. माझ्या बोटांखाली नाडी अजून अडखळत होती. मग अडखळणं कमी झालं. एका ओळीत बरेच ठोके नीट आले, मग पुन्हा एक चुकला, मग पुन्हा नीट. गोळीनं झालं म्हणायचं की पक्ष्यानं, ते मी डॉक्टर असून सांगू शकत नाही. किती वेळ तसे बसलो होतो तेही सांगता येणार नाही.

"गेला," त्या म्हणाल्या.

मी मागे वळले. ओली फांदी, तिच्यावरचं शेवाळ आणि धुकं.

"कसा होता?"

त्यांनी माझ्या बोटांतून मनगट सोडवून घेतलं. मग म्हणाल्या, "चल. आता वर जायचंय. मला भीती नाही, पण तू लई पांढरी पडलीस."

तो चढ. एक मूळ, थांबणं. एक मूळ, थांबणं. मी खालून त्यांना आधार देत होते आणि दर वेळी ठरवत होते, आता काही झालं तर या झाडाला टेकवायचं, आता या. निम्म्यावर ग्रॅहम परत येताना भेटला. त्याच्याबरोबर डच बाईही आल्या होत्या. बाईंनी काही न विचारता मॅडमचा दुसरा हात धरला. ग्रॅहम पुढून म्हणाला, "काही दिसलं?" मॅडमना बोलण्याइतका श्वास नव्हता, आणि मी तर काही पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या घळीतही त्यांना काही मिळालं नव्हतं.

संध्याकाळी हजेरी झाली. ग्रॅहमनं एकेक नाव वाचलं, हात वर होत गेले. लाल कर्ण्याचं नाव आल्यावर तो थांबला आणि सगळ्यांकडे बघून ओशाळं हसला. इंग्रज नवऱ्यानं बायकोचा हात थोपटला. मी मॅडमकडे पाहिलं. त्या सूप पीत होत्या.

खोलीत गेल्यावर मी विचारलं, "का नाही सांगितलंत? ती दोघं बिचारी दुसऱ्यांदा आलीत."

"सांगितलं असतं तर उद्या टेप घेऊन सगळे तिथंच," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "वाईट वाटतंय मला त्यांचं. खरंच. पण नक्को."

हैदराबादला परतल्यावर मी त्यांना घरी न जाऊ देता थेट आमच्या हॉस्पिटलात नेलं. तीन रक्तवाहिन्या बंद होत आल्या होत्या. बायपास ठरली, आणि मॅडमनी विभागप्रमुखांना सांगितलं, भूल हिनंच द्यायची. मी नाही म्हणाले. जवळच्या माणसाला देऊ नये, हे त्यांनीच शिकवलेलं. प्रमुख शेजारी उभे राहतील, एवढ्या अटीवर मी तयार झाले. टेबलाशी, त्यांच्या डोक्यापाशी स्टुलावर बसले तेव्हा माझी जीभ टाळ्याला चिकटली होती. त्या मला उलट्या बाजूनं बघत होत्या. म्हणाल्या, "काय तोंड केलंयस. पेशंट परेशान होईल ना." आणि डोळे मिटले. पुढचे तास मी कुणाचं ऐकत होते, काय करत होते, मला सांगता येत नाही. हात चुकले नाहीत, एवढं खरं. त्या शुद्धीवर आल्यावर मी कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकावर बसले आणि बराच वेळ मला बुटाची नाडी सोडता येईना.

त्या चांगल्या बऱ्या झाल्या. काही महिन्यांनी फियाट पुन्हा बाहेर निघाली. मला वाटलं, संपलं. मग एका शनिवारी संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"आज हर्नियाची साधी केस होती," त्या म्हणाल्या. "मधीच बघते तर मी खिडकीबाहेर बघायलेली. किती वेळ, काय माहीत."

"पेशंट?"

"ठीक आहे. जागा झाला, बायकोशी भांडला बी. पण मला भीतीच वाटत नव्हती गं. केस संपल्यावर सगळीकडं शोधली. हात बघितले. नाहीच."

"थकला असाल, मॅडम."

"थकल्यावर जास्त वाटते. हे थकणं नाही." त्यांचा आवाज अगदी साधा होता, हवापाण्याबद्दल बोलावं तसा. "मी आजपासून बंद केलं. सगळ्यांना कळवून टाकलं."

मी काहीबाही बोलले. विश्रांती घ्या, महिनाभर थांबा, मी येते तुमच्याबरोबर. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "उद्या तुला सुट्टी आहे ना? काचीगुड्याला सकाळी एक सिझेरियन आहे. त्यांना तुझं नाव दिलंय."

"मला न विचारता?"

"बाईचा रक्तदाब वाढलेला आहे. मान आखूड, जबडा उघडत नाही नीट. मणक्यातून भूल द्यावी तर रक्त गोठत नाही म्हणायलेत, म्हंजे नळीच घालावी लागेल, अन् ती जायची नाही सहज. पोटातल्या लेकराचे ठोके बी कमी-जास्त." त्या थांबल्या. "हे सगळं डॉक्टरनी मला फोनवर सांगितलं, अन् मला जराबी भीती वाटली नाही. तुला?"

माझ्या तळहाताला घाम सुटला होता. रिसीव्हर हातातून निसटत होता. मी तो दुसऱ्या हातात घेतला.

"वाटली," मी म्हणाले. "खूप वाटली."

"मंग तूच जा," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.